कालचा दिवस विचारणारी येसाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. मला सांगणाऱ्यानं ते सांगितलं नाही आणि त्याला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. एवढं मात्र खरं, की तेव्हा माणदेशाच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये खडकझरे नावाचं गाव होतं, आणि ते आजही आहे. गावाच्या वेशीबाहेर करंजाचं एक झाड होतं, तेही आहे. झाडाखाली एक बसका, गुळगुळीत धोंडा होता. त्याच्यावर बसून बसून तो असा झालाय, असं म्हणतात. आपली गोष्ट त्या धोंड्याची आहे आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसणाऱ्या बाईची आहे. तिचं नाव येसाक्का.

येसाक्का या गावची नव्हे. ती मेंढरांमागून आली. धनगरांचा एक कळप पावसाच्या आशेनं पूर्वेकडून पश्चिमेकडे निघाला होता आणि वाटेत खडकझऱ्याला उतरला होता. त्यात येसाक्का होती आणि तिचा नवरा होता. गावाशी आल्या आल्या नवरा तापानं फणफणला. गाव भलं होतं. जो तो धावत आला आणि ज्यानं त्यानं औषध सांगितलं. कुणी गुळवेल सांगितली, कुणी निंबाचा पाला सांगितला, कुणी अंगारा लावला, कुणी म्हणालं उपाशी ठेवा, कुणी म्हणालं पोटभर खाऊ घाला. येसाक्कानं सगळं केलं. आणि नवरा गेला.

त्याला माती दिल्यावर ती करंजाखाली बसली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की एवढी माणसं आली, एवढी बोलली, पण एकानंही विचारलं नाही की बाबा, काल तू कुठं होतास? ताप यायच्या आदल्या दिवशी तो डबक्यातलं पाणी प्यायला होता. त्या डबक्यात एक मेलेलं कोकरू पडलेलं होतं. मेंढरू आजारी पडलं तर धनगर त्याच्या तोंडाकडे बघत बसत नाही. ते काल कुठल्या रानात चरलं, कुठं पाणी प्यायलं, ते आधी बघतो. मेंढराला जे मिळतं, ते आपल्या माणसाला मिळालं नाही, हे तिच्या काळजात रुतलं. कळप पुढं निघाला तेव्हा ती उठली नाही. चार शेळ्या घेऊन ती करंजापाशीच राहिली, ती कायमची.

आता ती औषध द्यायला कशी लागली, याच्या गावात दहा कथा आहेत आणि दहाही जण आपलीच खरी म्हणतात. मी त्यात पडत नाही. तिची रीत काय होती, ते सांगतो.

दुखणेकरी आला, की ती त्याला धोंड्यावर बसवायची आणि आपण खाली जमिनीवर बसायची. मग म्हणायची, "कालचा दिस सांग."

बस, एवढंच. डोळे उघडले तिथपासून डोळे मिटले तिथपर्यंतचा कालचा सगळा दिवस सांगायचा. काय खाल्लं, किती वेळ उन्हात होतास, कुणाशी बोललास, कुणाशी बोलायचं टाळलंस, हसलास का, रडलास का, झोप लागली का. कुणी म्हणायचं, "आक्का, मला पोटात दुखतंय, दिवसाचं काय घिऊन बसलाय?" तर ती म्हणायची, "मेंढराला सांगता येत न्हाई, म्हून मला त्येच्या मागनं रान धुंडावं लागायचं. तुला तोंड दिलंय देवानं. सांग की." आणि माणूस बोलू लागला, की ती मधे एक शब्द बोलायची नाही. हूं देखील करायची नाही. नुसतं ऐकायची.

तिच्या ऐकण्याचं काय सांगावं! ती ऐकायला बसली, की करंजाचं पान गळत नसे, असं म्हणतात. मळ्यातल्या मोटेची करकर आपोआप बारीक व्हायची. एकदा तर म्हणे एक लांडगा तिच्या शेळ्यांच्या वासानं आला, कुंपणाशी थबकला, आणि एका म्हातारीचा कालचा दिवस अथपासून इतिपर्यंत ऐकून, शेळीला न शिवता निघून गेला. गावात काही शहाणे आहेत, ते म्हणतात तो लांडगा नव्हता, कुत्रं होतं. त्यांना म्हणू द्या. मी लांडगाच म्हणणार.

एकदा काय झालं, एकाच सकाळी तिघं जण आले आणि तिघांचंही पोट दुखत होतं. पहिला गावचा गुरव. त्यानं कालचा दिवस सांगितला तो सगळा खोबऱ्याचा होता. सकाळी नैवेद्याचं खोबरं, दुपारी नवसाचं खोबरं, संध्याकाळी उरलेलं खोबरं. येसाक्का त्याला म्हणाली, "देवाला वाहिलेलं पोरांस्नी वाट. देव रागवायचा न्हाई." दुसरा कुंभार. तो भाकरीचा शेवटचा घास तोंडात असतानाच चाकावर ओणवा व्हायचा. त्याला म्हणाली, "जेवलास का हुबा ऱ्हा, वाईच फीर, मंग चाकाला हात लाव." तिसरी मथुरा नावाची नवी सून. तिचा दिवस सांगून होईना, कारण सांगताना ती रडत होती. पहाटेपासून ती एकटी दळत होती आणि आख्ख्या दिवसात तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. येसाक्कानं तिला काढा दिला नाही की मुळी दिली नाही. तिला म्हणाली, "उद्याच्यान दळाण घिऊन शेजारणीच्या जात्यावर जा. दोघी मिळून वढा." तिघांचीही पोटं दुखायची थांबली. दुखणं एक आणि औषधं तीन, हे गावानं पाहिलं. पाहिलं, पण ध्यानात घेतलं नाही. आणि पुढचं सगळं इथूनच सुरू झालं.

कारण असं झालं, की लोकांना येसाक्काचा प्रश्न सोपा वाटला म्हणून तो त्यांनी सोडून दिला आणि तिची उत्तरं मात्र उचलली. एकाला लागू पडलं की तो दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला. कुंभाराचा उपाय सुतारानं केला, सुताराचा न्हाव्यानं. येसाक्कानं सांगितलंय, असं म्हटलं की पुढं कुणी बोलायचंच नाही. लोक तिच्यावर जीव टाकायचे ना! जीव टाकायचे म्हणूनच हे झालं.

गावच्या खालच्या अंगाला माळ्यांचा मळा होता. सगळ्या खडकझऱ्यात पाणी असं ते तिथंच. उन्हाळ्यातही त्यांच्या विहिरीवर मोट चालायची आणि पाटातून खळखळ पाणी वाहायचं. त्या घरची कर्ती बाई होती बायजाबाई. तिच्या जावेचं नाव गोजरा. गोजरा बाळंत झाली आणि तिचे पाय सुजले, तोंड सुजलं, डोळे उघडेनात. घरच्यांनी तिला बाजेवर घालून करंजाखाली आणलं. येसाक्कानं तिचा कालचा दिवस ऐकला, आणि तिला म्हणाली, "तू आत्ता घागरीनं पानी पिऊ नगंस. वाटीनं पी. सूज वसरंस्तवर." गोजराची सूज ओसरली. ती चालू लागली, फिरू लागली. बायजाबाईनं हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिनं ते भक्तीनं दुसरीला सांगितलं. बाळंतिणीनं पाणी वाटीनं प्यावं, येसाक्कानं सांगितलंय. बघा हं, गोजराचं नाव गळालं, सूज गळाली, ओसरेपर्यंत हेही गळालं, आणि उरलेलं वाक्य घरोघर चालत गेलं. एका घरात वाटीची अर्धी वाटी झाली. दुसऱ्या घरात अर्ध्या वाटीचे घोट झाले. कुठल्याशा घरात नुसते ओठ ओले करण्यापर्यंत मजल गेली. जितकं कमी तितकं अधिक पुण्याचं. बायका बाळंत व्हायच्या, सुकायच्या, कशाबशा उठायच्या, आणि पुढं सासवा झाल्या की सुनेला तेच करायच्या. येसाक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. कारण गोजरासारखी एखादी सोडली तर बाळंतीण खोलीबाहेर पडत नसे, आणि धोंड्यावर तर ती येणार कुठून!

आणि मग बायजाबाईच्या घरी हौसा आली.

हौसा ही बायजाबाईची धाकटी सून. तिचं माहेर कृष्णाकाठचं. लहानपणापासून पाण्यात डुंबलेली पोर ती. तिची आई लवकर गेली होती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. चैत्राचा महिना होता, दगड तापत होते. मुलगी झाली. बायजाबाईला आनंद झाला. ती वाईट बाई नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. गोष्टीतली सासू म्हटली की लोक लगेच भुवया चढवतात. बायजाबाईनं सुनेची खोली झाकून घेतली, बाजेखाली शेगडी ठेवली, तूपभात भरवला, आणि येसाक्काच्या शब्दाला जागून तिचं पाणी तोडलं.

हौसा दिवसागणिक वाळत चालली. दूध आटलं. पोरीचं रडणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं, मग ऐकू यायला कान द्यावा लागे. हौसानं दोनदा पाणी मागितलं, तिसऱ्यांदा मागितलं नाही. त्यानंतर ती बोलायचीच बंद झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बायजाबाईनं नवस बोलले, दृष्ट काढली, अंगारे आणले. शेवटी ती रडत करंजाखाली गेली आणि येसाक्काचे पाय धरून म्हणाली, "आक्का, माझी सून चालली. पोरगीबी चालली. तिला काय हितं आणता येत न्हाई. तुमीच चला."

येसाक्का उठली. झाड सोडून ती कुणाच्या घरी जायची ही पहिलीच वेळ.

ती खोलीत गेली. आत अंधार होता, धूर होता. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "पोरी, कालचा दिस सांग."

हौसा बोलली नाही. बायजाबाई घाईनं म्हणाली, "मी सांगते की तिचा दिस."

"तिचा दिस तुला कसा ठावं, बायजा?" येसाक्का म्हणाली. मग तिनं विचारलं, "खायाला देतीस का? पानी देतीस का?"

"देते की," बायजाबाई म्हणाली. "समदं तुमच्या सांगण्यापरमानंच चाललंय, आक्का. एक गोष्ट हिकडची तिकडं केली न्हाई."

आणि ऐका, इथं येसाक्का चुकली. तिच्या कानांना लांडग्याचं पाऊल कळायचं. पण आपल्या सांगण्याप्रमाणे चाललंय, एवढं ऐकल्यावर तिनं पुढं विचारलं नाही. मी काय सांगितलं होतं, कुणाला सांगितलं होतं, केव्हा, हे तिनं विचारायला हवं होतं. आपलं नाव ऐकलं की थोरामोठ्यांचेही कान जरासे मिटतात. तिनं पोरीसाठी शेळीचं दूध पाठवलं, कापसाच्या बोळ्यानं पाजायला लावलं, त्यावर पोरीचा जीव कसाबसा टिकून राहिला. पण हौसाचं काय करावं ते तिला कळेना. ज्याच्याकडे कालचा दिवसच नाही, त्याला औषध कुठलं द्यायचं? हाताशी दुसरं काहीच तिच्याकडे नव्हतं. ती झाडाखाली येऊन बसली, आणि त्या दिवशी तिनं कुणाचाच कालचा दिवस ऐकला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेली. हौसाजवळ बसली आणि म्हणाली, "तू सांगत न्हाईस तर ऱ्हाऊ दे. मी माझा सांगते." आणि तिनं आपला कालचा दिवस सांगितला. शेळ्या सोडल्या, काटक्या गोळा केल्या, भाकरी केली, ती एका बाजूनं करपली. उठली आणि गेली. तिसऱ्या सकाळी पुन्हा आली, पुन्हा सांगितलं. अशा किती सकाळी गेल्या कुणास ठाऊक. जिनं जन्मभर ऐकलं, ती आता बोलत होती, आणि ऐकणारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. खोलीच्या उंबऱ्यात बायजाबाई मांडीवर नात घेऊन बसायची. कधी कधी तिला वाटायचं, हौसाचा श्वास या गोष्टी ऐकण्यापुरताच चालू आहे.

एके सकाळी येसाक्का सांगू लागली, "काल काय झालं, मथुरीनं मला गाडगंभर ताक दिलं. म्हटलं, चला, कढी करू. ताक चुलीवर ठिवलं. चांगलं रटारटा उकळू दिलं. मंग वरनं पीठ भुरभुरवलं."

आता ऐकणाऱ्यांमध्ये ज्यांनी कधी कढी केली असेल, त्यांना आत्ता राहवत नसेल. पीठ थंड ताकात आधी कालवायचं असतं. बायजाबाईच्या तर अगदी ओठांवर आलं होतं. तिनं पदर तोंडात धरला. येसाक्काला खरंच कढी येत नव्हती की ती मुद्दाम चुकली, यावर गावात आजही दोन तट आहेत आणि दोन्ही तटांचे लोक माझे नातेवाईक आहेत. म्हणून मी गप्प बसतो.

भिंतीकडून बारीक आवाज आला. "फुटलं आसंल."

बायजाबाई अर्धी उठली. येसाक्का मात्र जणू काही झालंच नाही अशी म्हणाली, "फुटलं की गं. समदं पानी येगळं झालं. मंग दिलं वतून. गाडगं खराब झालं हुतं, घागरभर पान्यानं धुतलं, त्येबी वतलं अंगणात."

हौसा वळली. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा वळली. तिचे डोळे खोल गेले होते. ती म्हणाली, "पानी वतलंत?"

"वतलं."

"घागरभर?" आणि तिचा चेहरा रडण्यासारखा झाला, पण डोळ्यांतून एक थेंब आला नाही. रडायलाही आत काही उरलं नव्हतं.

येसाक्का पुढं सरकली. "पोरी, आता सांग. कालचा दिस सांग."

हौसानं सांगितला. तुटक तुटक, थांबत थांबत सांगितला. "डोळं उघडलं तवा मोट लागली हुती. पाटात पानी वाजत हुतं. दुपारी वाजत हुतं. बैल पानी प्यालं, त्येंच्या नरड्याचा आवाज आला. सांजच्याला भाजीला पानी सोडलं, वाफं भरलं. आत्याबाईंनी व्हट भिजवलं. मागं दोनदा मी म्हटलं हुतं, आणि वाईच द्या. तवा त्या रडल्या. म्हणल्या, न्हाई देता येत गं बाय. मंग मी पुन्यांदा म्हटलं न्हाई." ती थांबली. मग येसाक्काकडे बघून म्हणाली, "तुमीच सांगितलंय न्हवं, आक्का? तुमी सांगितलंय म्हंजी माझ्या बऱ्यासाठीच आसंल."

असं म्हणतात, की त्या क्षणी येसाक्काचे केस पांढरे झाले. खोलीत जाताना काळे होते आणि बाहेर येताना पांढरे. मला हे खरं वाटतं. आपल्याच शब्दाचं असं झालेलं पाहिल्यावर माणसाचं आणखी काय होणार?

पण आधी ती उठली. तिनं शेगडी बाहेर फेकली. खिडकीची गोणपाटं ओढून काढली. बायजाबाईला म्हणाली, "पानी आण," आणि बायजाबाई उठायच्या आत पाणी आलं. मळ्यातला पाट आपणहून फुटला, बांध ओलांडून अंगणात आला, आणि पायरीला लागून उभा राहिला, असं म्हणतात. बांधाला उंदरांचं बीळ असेल, असंही काही जण म्हणतात. असेल. पण तेच बीळ त्या घटकेला कसं फुटलं, ते त्यांनी सांगावं. येसाक्कानं मात्र घरातल्या मडक्यातलं निवळ पाणी घेतलं आणि आपल्या ओंजळीनं हौसाला पाजलं. थोडं थोडं, थांबून थांबून, दिवसभर. संध्याकाळी हौसाच्या डोळ्यांत पहिलं पाणी आलं आणि ती ढसाढसा रडली. तिचं रडणं ऐकून पोरगीही रडली, अगदी पहिल्यासारखी, मोठ्यानं.

बायजाबाई पायरीवर कोसळली होती. "मीच मारत हुते गं हिला. माझ्या हातानं मारत हुते."

येसाक्का तिच्याजवळ बसली. म्हणाली, "तू न्हाई, बायजा. माझं बोलणं मारत हुतं. आन मला त्येचा पत्त्या न्हवता."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाक्का करंजाखाली आली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः धोंड्यावर बसली. सगळं गाव जमलं. ती म्हणाली, "आज माझा कालचा दिस ऐका." आणि तिनं काहीही न लपवता सांगितला. आपण विचारलं नाही, हेही सांगितलं. माणसं माना खाली घालून ऐकत होती. जुन्या बायका डोळे पुसत होत्या. ज्यांच्या ज्यांच्या बाळंतपणात ओठ सुकले होते, त्या सगळ्यांना आता कळलं होतं, की आपण काय सोसलं आणि आपल्या सुनांना काय सोसायला लावलं.

मग येसाक्का म्हणाली, "मी ज्येला ज्येला जे औषध सांगितलं, ते त्येचं हुतं. त्या दिवसापुरतं, त्या जिवापुरतं. तुमी ते वाटलंत. आता मला माझं समदं परत द्या. हितं येऊन बोला आन पुन्हा कुणाला सांगू नगा."

गावाला हे जड गेलं. का जाणार नाही? तिची औषधं हीच तर त्यांची श्रीमंती होती. पण गुरव उठला, धोंड्यापाशी आला आणि म्हणाला, "आक्का, खोबरं परत घ्या." लोक रडता रडता हसले. मग कुंभार आला. मग मथुरा आली. दिवस मावळेपर्यंत एकेक जण येत होता, आपलं औषध बोलत होता, हात जोडून जात होता. आणि एक एक औषध परत आलं, की करंजाचं एक एक पान गळत होतं. जे झाड ती ऐकत असताना कधी पान टाकत नसे, ते संध्याकाळपर्यंत नागडं झालं. सगळ्यांत शेवटी बायजाबाई आली. तिच्या हातात ती पाण्याची वाटी होती. तिनं ती धोंड्यावर पालथी ठेवली. शेवटचं पान तेव्हा गळलं. आणि सकाळी लोक उठून बघतात तर काय, सगळा करंज कोवळ्या, तांबूस, चकचकीत पालवीनं भरून गेला होता. असं म्हणतात, आणि यावेळी शहाणेसुद्धा काही बोलत नाहीत.

येसाक्का पुढं पुष्कळ जगली. हौसा बरी झाली, तिच्या लेकीचं नाव येसू ठेवलं, आणि मळ्यातली कामं आटोपली की ती करंजाखाली येऊन बसू लागली. आधी ऐकायला, मग विचारायला. येसाक्का थकली, अंथरुणाला खिळली, तेव्हा पंचक्रोशीतून माणसं औषधं घेऊन धावली. तिच्या नवऱ्याच्या वेळी धावली होती तशीच. पण यावेळी दारात हौसा बसली होती. तिनं कुणाला आत जाऊ दिलं नाही. ती आत गेली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आक्का, कालचा दिस सांगा."

आतापर्यंत आक्काला हे कुणीच विचारलं नव्हतं. म्हातारी हसली. तिनं सांगायला सुरुवात केली, आणि तो दिवस इतका भरलेला होता की सांगता सांगता दुपार झाली. कोण कोण आलं, कोण काय बोललं, शेळीला पिलं झाली, मथुरीच्या नातीनं वेणी घालून दिली. शेवटी ती म्हणाली, "पोरी, मला काय बी हुत न्हाई. दिस भरला, एवढंच." आणि त्या वेळी डोंगराकडून मेंढरांच्या घंटा ऐकू आल्या. गावात तेव्हा कुठला कळप उतरलेला नव्हता. ती त्या घंटांमागून निघून गेली, असं म्हणतात.

आता तुम्ही खडकझऱ्याला गेलात, तर तिथं येसाक्काचं देऊळ नाही, पुतळा नाही. चैत्रात करंजाला पालवी फुटली, की वर्षभरात बाळंत झालेल्या सगळ्या सुना लेकरं घेऊन झाडाखाली येतात. प्रत्येकीची सासू मळ्याच्या विहिरीवरून भरलेली घागर आणते. सून धोंड्यावर बसते. सासू तिला तांब्यावर तांब्या पाणी देते, आणि ती पुरे म्हणेपर्यंत सगळं गाव थांबतं. काही खोडकर सुना मुद्दाम वेळ लावतात, तरी कुणी बोलत नाही. मग सासू खाली जमिनीवर बसते आणि विचारते, "कालचा दिस सांग." सून काय वाटेल ते सांगते. त्यात सासूविषयीही असतं. मधे बोलायची सासूला मुभा नाही. पालथी वाटी अजून धोंड्याच्या कडेला असते. ती कुणी सुलटी करत नाही.

आणि येसाक्काच्या औषधांचं म्हणाल, तर एवढी मोठी वैदीण होऊन गेली, पण त्या गावात तिचं एकही औषध कुणाला ठाऊक नाही. लांबलांबून लोक विचारत येतात. अमक्यावर काय द्यायची, तमक्यावर काय सांगायची? गावातली म्हातारी माणसं मान हलवतात. म्हणतात, "आमच्याजवळ काय न्हाई, बाबा. समदं तिचं तिला परत दिलं."

आलेला माणूस हिरमुसून निघायला लागतो. तेव्हा त्यातलंच कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवतं, त्याला करंजाखालच्या धोंड्यावर बसवतं, आधी तांब्याभर पाणी देतं, आणि स्वतः खाली जमिनीवर बसून म्हणतं, "हं. आता सांग. काल काय काय केलंस?"